डबी चालू होती

मी डबी बोलतेय. पावडरची नाही आणि तंबाखूची तर नाहीच नाही. पायाचा पंजा लोंबकळणाऱ्या माणसाच्या गुडघ्याखाली पट्ट्याने बांधतात ना, ती विजेची डबी. आगपेटीपेक्षा थोडी मोठी, रंगाने करडी आणि स्वभावाने, खोटं कशाला बोलू, जरा फुशारकी मारणारी. म्हणजे होते तशी. आता कसली फुशारकी! जे झालं त्याने मी अशी हादरलेय की कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाहीये.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अर्धांगाचा झटका येऊन गेला की कधीकधी बाकीचं शरीर सावरतं, पण पाऊल सावरत नाही. माणूस मांडीतून पाय उचलतो आणि पंजा खालीच लोंबत राहतो. बोटं जमिनीला घासतात, उंबऱ्याला अडकतात आणि माणूस तोंडावर आपटतो. पायात जीव नसतो असं नाही, मेंदूचा निरोप तिथवर पोचत नाही एवढंच.

तो निरोप मी पोचवते. बुटात टाचेखाली एक चपटं बटण ठेवतात, त्याची वायर माझ्यापर्यंत येते. टाच उचलली की मला कळतं. मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटवलेल्या दोन पट्ट्यांतून मी नसेला बारीकशी वीज देते आणि पंजा वर येतो. टाच टेकली की मी हळूहळू थांबते. टाच उचलली, पंजा वर. टाच टेकली, थांब. मला एवढंच येतं. यापलीकडे मला काडीची अक्कल नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, डोळ्यांवर भिंग, हातात वायरी डाखायची तापलेली कांडी. माझ्या पोटातल्या वायरी जिने जोडल्या ती कामभर शेजारणीशी आपल्या सासूबद्दल बोलत होती, पण हात इतका नेमका की वितळलेल्या कथलाचा एक थेंब इकडचा तिकडे नाही. शेवटी तपासणीवालीने मला स्वतःच्या पायाला लावलं आणि तिचा पंजा टुणकन उडाला. ती हसली, माझ्या पाठीवर हिरवा ठिपका चिकटवला आणि मला खोक्यात घातलं. त्या उडालेल्या पंजाचा मला केवढा अभिमान वाटला होता!

पहिली नोकरी एका निवृत्त भूमितीच्या मास्तरांकडे. आठ दिवस टिकली. विजेने मुंग्या येतात म्हणून त्यांनी मला टेबलाच्या खणात टाकलं, तुटक्या कंपासपेट्यांच्या शेजारी. वर्षभर मी तिथे. घरात कुणी घसरून पडल्याचा धप्प आवाज आला की मी आतल्या आत चडफडायचे. अहो, मी इथे आहे की! पण माणसांचं असंच असतं, औषध उशाशी आणि दुखणं अंगाशी. शेवटी त्यांच्या मुलीने मला इस्पितळात परत केलं आणि तिथून मी मामांच्या पायाला आले.

मामा म्हणजे सगळ्यांचेच मामा. पायमोजे विणायच्या कारखान्याच्या बसचे ड्रायव्हर. बावीस वर्षं सकाळच्या पाळीच्या बायकांना घराच्या कोपऱ्यावरून उचलायचं आणि कारखान्याच्या फाटकात उतरवायचं. गाडीला एक ओरखडा नाही. पंचावन्नाव्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली. जीभ महिन्याभरात वळली, हात अर्धामुर्धा आला. उजवा पंजा मात्र लोंबताच राहिला.

इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी मला पहिल्यांदा लावलं तेव्हा मामी शेजारी पिशवी कवटाळून बसल्या होत्या. मामा उठले, टाच उचलली, मी वीज दिली, पंजा वर आला. बारा पावलं. भिंतीपर्यंत जाऊन ते वळले तेव्हा मामी पदराने डोळे पुसत होत्या आणि दाराशी उभा असलेला मिस्त्री विनाकारण खिडकीबाहेर बघत होता.

हा मिस्त्री कारखान्याच्या गाड्या बघणारा, मामांचा जिवाचा दोस्त. दोघांत अरेतुरेचं नातं. मामा अंथरुणाला खिळले होते तेव्हा मामींना एकटीला ते ओझं पेलत नव्हतं. दोन महिने रोज सकाळी कामावर जाण्याआधी मिस्त्री यायचा, मामांना उचलून न्हाणीत न्यायचा, आंघोळ घालायचा, दाढी करून द्यायचा आणि वर म्हणायचा की या इंजिनाला तेल फार लागतं.

बाईंनी त्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या आणि मामांकडून वदवूनही घेतल्या. आंघोळीला डबी काढायची. कातडी लाल झाली तर लावायची नाही. आणि गाडी चालवायची नाही, मोठे डॉक्टर लेखी देईपर्यंत अजिबात नाही. मामांनी मान डोलावली. मी त्यांच्या गुडघ्याखालीच होते. ती मान डोलावणं खोटं आहे अशी मला शंकाही आली नाही.

घरी मला लावायचं काम मामींकडे आलं, कारण मामांचा उजवा हात पट्ट्या नीट चिकटवू शकत नव्हता. रोज सकाळी त्या खुर्चीसमोर खाली बसायच्या, ओल्या फडक्याने कातडी पुसायच्या, गुडघ्याखालचं ते बाहेरचं टेंगूळ बोटाने चाचपायच्या आणि बरोब्बर जागेवर पट्टी दाबायच्या. जागा चुकली तर पंजा आत वळतो. मामींची कधी चुकली नाही. मग त्या विचारायच्या, टोचतंय का, आणि मामा म्हणायचे की तुझ्यापेक्षा कमी. हा विनोद रोजचा होता आणि मामी रोज हसायच्या.

कारखान्याने मामांना परत घेतलं, पण स्टोअरच्या खिडकीमागे. हातमोजे द्यायचे, सुया द्यायच्या, वहीत लिहून घ्यायचं. बायका खिडकीशी येऊन म्हणायच्या, मामा बसा बसा, उठू नका, आम्ही घेतो. चांगल्या मनाने म्हणायच्या हो. पण प्रत्येक "बसा"ला मामांची पोटरी आक्रसायची. ते मला कळायचं, दुसऱ्या कुणाला नाही. त्यात नव्या ड्रायव्हरने बस खांबाला घासली. बाहेर तो पत्रा वाजला आणि मामा खिडकीआड डोळे मिटून बसले.

नवा ड्रायव्हर सोडून गेला त्या आठवड्यात मामांनी अर्ज केला. कारखान्याच्या डॉक्टरांनी बोलावलं. मामा ढगळ पँट घालून गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, हात वर करायला लावले आणि म्हणाले, चालून दाखवा. मामा चालले. कसे चालले म्हणता! ताठ, सरळ, पाऊल टाचेवर टेकून. तीन पायऱ्या चढले, उतरले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही तर माझ्यापेक्षा चांगले चालता, आणि त्यांनी सही ठोकली. पँट वर करा असं म्हणायचं त्यांना सुचलं नाही. आणि मी? मी खुशीत होते! माझ्यामुळे एक माणूस पास झाला, म्हणून आतल्या आत मिरवत होते. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मामा स्टोअरकडे न वळता बसकडे वळले. चाकामागे बसले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. या माणसाने सगळ्यांना फसवलं होतं. डॉक्टरांना, व्यायामाच्या बाईंना, डॉक्टरांनी सगळं बघूनच पास केलं असं समजणाऱ्या मिस्त्रीला आणि घरी मामींना, ज्यांना तो अजून स्टोअरमध्येच आहे असं वाटत होतं. आणि त्या फसवणुकीत माझा हात होता.

मामा मूर्ख नव्हते. त्यांनी आपली एक पद्धत बसवली होती. सीटवर बसलं की पँटवरूनच माझं बटण दाबून मला बंद करायचं. मग मांडीतून अख्खा पाय उचलून ब्रेकवर ठेवायचा. दाबायला जोर लागतो, तो त्यांच्यात होता. उतरायच्या आधी परत मला चालू करायचं. बसताना बंद, उतरताना चालू. तीन आठवडे हे असं चाललं. रोज मी जीव मुठीत धरून बसायचे आणि रोज काही व्हायचं नाही. मग हळूहळू मलाही सवय झाली. धोक्याचीसुद्धा सवय होते, याचाच मला जास्त धक्का बसतो.

त्या दिवशी कारखान्यापासून चार मिनिटांवर एक म्हातारी कामगार बाई थांब्यावर उभी होती. दोन्ही हातांत जड पिशव्या. तिला पायरी चढवेना. मामांनी मला चालू केलं, खाली उतरले, पिशव्या आत ठेवल्या, तिला हात दिला. मागून एका ट्रकने हॉर्न लावला. मामा लगबगीने सीटवर येऊन बसले आणि गाडी काढली.

मला बंद करायचं राहिलं.

मला कळत होतं. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठाय? टाच खाली टेकलेली होती, म्हणून मी गप्प होते. म्हटलं, आता आठवेल, पुढच्या वळणावर आठवेल. मागे बायका हसत होत्या, कुणीतरी म्हातारीला तिच्या पिशव्यांत काय आहे म्हणून चिडवत होतं. वळण गेलं. फाटक समोर आलं. फाटक अर्धं उघडं होतं आणि वॉचमन ते ढकलत होता, नेहमीसारखा, मामांना हात करत.

मामांनी ब्रेककडे नेण्यासाठी पाय उचलला. टाच सुटली. आणि मी माझं काम केलं.

पंजा वर आला. अगदी झकास वर आला, इस्पितळात यायचा तसा. टाच खाली आपटली, बोटं ब्रेकच्या वर हवेत. मी थांबेपर्यंत सेकंद गेला. मामा घाबरले, त्यांनी पाय पुन्हा उचलून आपटला. टाच पुन्हा सुटली, मी पुन्हा वीज दिली, पंजा पुन्हा वर. अहो, मी दुसरं काय करणार होते! बसने फाटकाला धडक दिली आणि फाटक वॉचमनच्या अंगावर गेलं. त्यानंतर जो आवाज झाला तो लोखंडाचा नव्हता.

वॉचमनचा पाय घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडला. आत एका बाईचं कपाळ फुटलं. सगळीकडे पळापळ, आरडाओरडा, आणि मामा चाकाला धरून बसलेले. सगळ्यात आधी धावत आला तो मिस्त्री. त्याने दार उघडलं आणि मामांचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला, कुठे लागलंय का म्हणून. तेवढ्यात मॅनेजर आले आणि त्यांनी विचारलं, काय झालं. मामांच्या तोंडून तीनच शब्द निघाले.

"ब्रेक लागला नाही."

हे खरंच होतं. ब्रेक लागला नव्हताच. पण ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं ते तुम्हाला कळलंच असेल. मॅनेजरनी वळून मिस्त्रीकडे पाहिलं. त्या सकाळी ब्रेक तपासल्याची सही मिस्त्रीची होती. चौकशी होईपर्यंत घरी बसायला त्याला तिथल्या तिथे सांगण्यात आलं. आणि मामा गप्प राहिले. मला वाटलं होतं, धडकेपेक्षा मोठा धक्का आता मला बसायचा नाही. बसला.

बसमधल्या दोघी बायका मामांना घरी सोडायला आल्या. मामा बस चालवतात हे मामींना माहीत असणार असं धरून त्या सगळं सांगत सुटल्या. ब्रेक कसा फेल गेला, मिस्त्रीने कसा हलगर्जीपणा केला, मामा कसे देवाच्या कृपेने वाचले. मामींनी त्यांना पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं, दारापर्यंत सोडलं. मग परत येऊन नेहमीसारख्या खुर्चीसमोर खाली बसल्या. माझा पट्टा सोडला. मी हातात होते तेव्हा त्यांनी विचारलं.

"गाडीत डबी चालू होती का?"

मामांनी वर केलेली पँट खाली ओढली. मामींनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मला फडताळावर ठेवलं आणि त्या आत गेल्या.

तीन दिवस मामींनी मला हात लावला नाही. मामांनी स्वतः पट्ट्या चिकटवून बघितल्या. जागा सापडेना, पंजा आत वळायचा. मग ते भिंतीला धरून घासत घासत फिरायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार घरं पलीकडून मिस्त्रीची बायको आली. भांडायला नाही हो, विचारायला आली की मामा मॅनेजरशी बोलतील का, कारण हा माणूस जेवत नाहीये, सारखा एकच म्हणतोय की मी तो नट घट्ट केला होता की नव्हता. ती गेल्यावर मामी मामांसमोर उभ्या राहिल्या.

"त्याने तुम्हाला दोन महिने आंघोळ घातलीय," त्या म्हणाल्या. "उद्या चौकशी आहे. मी येतेय बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी मामींच्या पिशवीत होते. खोलीत लांब टेबल, पलीकडे मॅनेजर आणि दोन साहेब, अलीकडे मिस्त्री खुर्ची असून उभा. तीन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. त्याला विचारलं, ब्रेक तपासला होता का. तो म्हणाला, मला वाटतं तपासला होता, पण आता माझाच माझ्यावर भरवसा नाही. साहेब लिहून घ्यायला लागले. तेव्हा मामा उठले.

त्यांनी मामींकडे हात पुढे केला. मामींनी मला काढलं. भर खोलीत मामांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि मामी खाली बसून नेहमीसारख्या पट्ट्या चिकटवू लागल्या. कुणाला काही उमजेना. मॅनेजर म्हणाले, मामा, हे काय आहे? मामा खुर्चीत बसले, चाकामागे बसतात तसे. समोर जमिनीवर एक जाडजूड फाइल ठेवायला सांगितली. म्हणाले, हा ब्रेक समजा.

बाई गं, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली! जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, काम करू नये. आजचा दिवस बंद पडावं, वायर तुटावी, काहीही व्हावं. पण मामांनी टाच उचलली आणि पंजा वर गेला. फाइलला स्पर्शसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा उचलली. पुन्हा वर. एक साहेब टेबलावरून पुढे वाकले आणि म्हणाले, परत एकदा दाखवा. मी परत एकदा दाखवलं.

"ब्रेकला काही झालं नव्हतं," मामा म्हणाले. "ही चालू होती. मी बंद करायला विसरलो. आणि हिला लावून गाडीवर बसायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मिस्त्री मामांच्या उघड्या पायाकडे बघत होता.

"तीन दिवस," तो म्हणाला. "तीन दिवस तू मला बघत होतास."

आणि तो निघून गेला. मामा हाक मारायला उठले, तोवर दार बंद झालं होतं.

मामांची नोकरी गेली. ती जाणारच होती आणि जायलाच हवी होती, माझी त्याबद्दल तक्रार नाही. गाडीचा परवाना गेला. वॉचमनच्या पायाचा खटला चालू आहे, तो चालू दे. चूक माणसाची होती आणि ती त्याने भर खोलीत कबूल केली. पण साहेबांनी त्यानंतर जे केलं त्याने मी सुन्न झालेय. ते म्हणाले, हा पुरावा आहे, हा इथेच राहील. मामांच्या पायावरून मला सोडवलं, खाकी पाकिटात घातलं, वर नंबर टाकला आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटात बंद केलं. मामा घरी कसे जातील हे कुणाच्या मनातही आलं नाही. पाकिटात असताना मी ऐकलं, त्या लांब व्हरांड्यात बूट घासत घासत गेला.

त्याला आता पाच महिने झाले. इस्पितळात दुसरी डबी नाही, यादीत मामांचा नंबर तेरावा आहे. मामी दोनदा येऊन गेल्या. कारकून बाईंनी चांगल्या शब्दांत सांगितलं की निकाल लागेपर्यंत काही हलवता येत नाही.

गेल्या महिन्यापासून जेवणाच्या सुट्टीत आणखी एक आवाज कपाटाशी येतो. पहिल्या दिवशी मला ओळखूच आला नाही. मिस्त्री. तो रोज येतो, रोज विचारतो आणि रोज तेच उत्तर घेऊन जातो. काल कारकून बाई वैतागून म्हणाल्या की त्यांनी तुम्हाला एवढं अडकवलं आणि तुम्ही त्यांच्याचसाठी खेपा घालताय.

"त्याच्याशी मी अजून बोलत नाही," तो म्हणाला. "पण त्याचा उजवा बूट पुढून फाटलाय. हा तिसरा. परवा पडला तर ओठ फुटला. बोलायला माणूस धड तर हवा ना."

अहो साहेब, ऐकताय का? माझी बॅटरी उतरलीय, पट्ट्या वाळून कडक झाल्यात, पण त्या बदलता येतात. जे दाखवायचं होतं ते माझं तीनदा दाखवून झालंय, आणखी काय दाखवू? तो माणूस पुन्हा कधी चाकामागे बसणार नाही. त्याला फक्त चार घरं पलीकडे मिस्त्रीच्या दारापर्यंत चालत जायचंय. मला सोडा हो.